तिसरं रीळ

आमच्या गावात तो सिनेमा लंगडत आला.
सहा रिळांतलं तिसरं वाटेत कुठेतरी गळालं,
इकिकेच्या बंदरात, की ट्रकमधून,
की ओनोफ्रेनंच विकलं कुणा कंगवेवाल्याला,
यावर गावात दोन तट होते. अजूनही असते,
गाव असतं तर.

'शनीपलीकडचं बंदर'.
मी नऊ वर्षांची. सोऱ्याच्या खाणीची वस्ती,
पत्र्याचं थिएटर, लाकडी बाकं,
आणि बाहेर, ज्या दिशेला थुंकाल त्या दिशेला मीठ.
पडद्यावर यान उतरलं तसा माझा भाऊ बेलार्मिनो ओरडला,
"ही तर आपल्या दफनभूमीमागची जागा!"
(ते मीठ नव्हतंच, हे फार पुढे वाचलं.
एका गोदामात पोती पोती साखर पसरली होती,
आणि रात्रपाळीचा रखवालदार मुंग्या हाकायचा.)

मला सगळं पाठ आहे.
कप्तान भित्रा आहे हे पहिल्याच दृश्यात कळतं:
तो जेवतानाही हातमोजे काढत नाही.
यंत्रमानवाचं डोकं म्हणजे उघड उघड किटली,
त्याच्या गुडघ्यात चालताना काहीतरी कुरकुरतं,
कुणीतरी तेल घालायला हवं होतं,
घातलं नाही ते बरं झालं.
आणि इलार्का. नकाशे काढणारी.
जिला कुणी काही विचारत नाही,
आणि जी नव्या ग्रहावर पाय ठेवताच
वाकून मूठभर माती उचलते, हुंगते.
हेल्मेट घालून!
काय वास येणार, कपाळ?
पण हुंगते.
तेवढ्यासाठी मी तो सिनेमा एकतीस वेळा पाहिला,
सहा वेळा तिकीट काढून.

दुसऱ्या रिळाच्या शेवटी ती भेगेत पडते.
दिवा मिणमिणतो. आणि काळोख.
चौथ्या रिळात ती यानात बसून सूप पितेय,
एका पायात बूट नाही.

वर आली कशी?
दुकानाच्या रांगेत, धुण्याच्या दगडावर हाच विषय.
बेलार्मिनो म्हणे, किटलीनं दोर सोडला.
हेर्त्रुदिस म्हणे, स्वतःची वेणी कापून दोर केला.
"मग चौथ्या रिळात केस तेवढेच कसे?"
यावर ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.
वडील फार बोलत नसत.
लहानपणी त्यांना सुरुंगाच्या भोकात उतरवायचे,
अंग बारीक म्हणून, तळ खरवडायला.
ते म्हणाले, "बसली असेल.
हाक ऐकू येईपर्यंत बसायचं असतं."
आम्हाला हे उत्तर अजिबात आवडलं नाही.

मग खाण बंद झाली. दारं-खिडक्यासुद्धा लोकांनी नेल्या.

परवा सांतियागोत मुलीनं, मारिसेलनं, नेलं मला.
कुठल्याशा तळघरात सहाही रिळं सापडली होती.
खुर्च्या मऊ, गुडघ्यांवर कोट,
आणि पोटात गोळा, नऊ वर्षांचा.
भेग आली. ती पडली.
तिनं दिवा बघितला, किती उरलाय तो,
आणि विझवला.

पडदा काळा.
नुसता श्वास. तिचा. किती तरी वेळ.
मागून कुणीतरी शीळ घातली, मशीन बिघडलं समजून.
मी मात्र तो काळोख ओळखला.
एकाच मशीनवर रीळ बदलणारा ओनोफ्रे,
त्याचा खोकला, काडी ओढल्याचा आवाज,
बाकाखाली कुणाचं तरी कुत्रं,
आणि माझ्या डाव्या हाताला वडिलांचा श्वास,
छातीत बारीक शिट्टी वाजणारा.
एकतीस वेळा पाहिलं होतं मी हे.

पुढे एक रबरी ऑक्टोपस येतो.
पाठीवरची चेन स्पष्ट दिसते.
तिनं त्याला बूट देऊन टाकला, झालं, सुटली.

"आवडला का?" मारिसेलनं जिन्यात विचारलं.
म्हटलं, ऑक्टोपस नको होता.
मग बसमध्ये आठवलं,
वडील त्याच्यावर हसले असते,
आधी तोंडावर हात धरून,
मग हात काढून.